पामुक वाचायचा तर पेन्सिल हाताशी हवी

एकोणिसावं प्रकरण आलं आणि मी पुस्तक मिटलं. आधी विहिरीतलं प्रेत बोललं, मग कुत्रा बोलला, मग झाड. तिथवर मी निमूट ऐकून घेतलं. पण सोन्याचं नाणंसुद्धा तोंड उघडून बोलायला लागलं तेव्हा म्हटलं, पुरे झालं. ओरहान पामुकचं ‘माय नेम इज रेड’ त्यानंतर दोन वर्षं आमच्या कपाटात रंगपेट्यांच्या मागे पडून होतं.

मी चित्रकलेची बाई. सावंतवाडीजवळच्या एका हायस्कुलात सत्तावीस वर्षं मुलांकडून वस्तुचित्रं, स्मरणचित्रं, संकल्पचित्रं काढून घेतली, त्यांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. माझं सगळं शिक्षण मराठीतून. इंग्रजी कादंबरी म्हणजे मला आंबोलीचा घाट, थांबत थांबत चढायचा. आता तीच कादंबरी तीनदा वाचून झाली आहे. ओळखीतलं कोणी ‘पामुक झेपत नाही हो बाई’ म्हणालं, की मी त्याच्या हातात आधी एक टू-बी पेन्सिल आणि एक कोरी वही देते. पुढे काय करायचं ते तोंडी सांगून कंटाळले, म्हणून लिहून काढते. गोष्ट झरझर संपवायची सवय असेल, तर मात्र हा मार्ग तुम्हाला त्रासाचा होईल.

माणूस कोण ते आधी थोडक्यात. जन्म 1952 सालचा, इस्तंबूलचा. सातव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत त्याला चित्रकारच व्हायचं होतं. घरच्यांनी मधला मार्ग म्हणून आर्किटेक्चरला घातलं, ते त्याने तीन वर्षांत सोडलं. ‘इस्तंबूल’ या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात तो उत्रिलो या फ्रेंच चित्रकाराची नक्कल करत शहराची चित्रं रंगवायचा ते सगळं येतं, आणि शेवटी तो आईला सांगतो की मी चित्रकार होणार नाही, लेखक होणार. 2006 साली नोबेल मिळालं. एवढं पुरे. हा ब्रश खाली ठेवलेला माणूस आहे आणि डोळा त्याने खाली ठेवलेला नाही, इतकं ध्यानात असलं म्हणजे झालं.

आता बोलणाऱ्या नाण्याचं. हे कोडं मला पिंगुळीत सुटलं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 ची पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यातच कला आंगण नावाचं छोटं संग्रहालय उभं केलं आहे. शाळेची सहल तिथे न्यायची म्हणून मी आधी बघायला गेले होते. कथेकरी खाली बसलेला, मांडीशी चित्रांची चळत. वरचं चित्र उचलून त्याने फळीला टेकवून उभं केलं, वीणा छेडली आणि सुरू झाला. चित्रातली माणसं जागची हलत नाहीत, डोळे मोठाले, चेहरा एका बाजूने. हलतो तो फक्त आवाज. ‘राम म्हणाला’ वगैरे काही नाही. थेट रामच बोलायला लागतो. पुढच्या चित्राला तोच गळा राक्षसाचा होतो. चित्र बोलून संपलं की ते खाली ठेवायचं आणि दुसरं घ्यायचं.

घरी येऊन कपाटातून पुस्तक काढलं. पामुकच्या कादंबरीत इस्तंबूलच्या एका कॉफीखान्यात कथेकरी बसतो. तिथे त्याला मेद्दाह म्हणतात. तो भिंतीवर एक चित्र टांगतो आणि त्या चित्राच्या तोंडून बोलतो. कुत्रा, झाड, नाणं, मृत्यू, घोडा, सैतान ही सगळी प्रकरणं म्हणजे या माणसाने त्या त्या रात्री केलेले प्रयोग. लेखकाने हे लपवलेलं नाही, कुत्र्याच्या प्रकरणाआधीच सांगितलं आहे. मीच घाईत सटकले होते.

म्हणून पहिला सल्ला : पहिल्या पानापासून सुरू करू नका. दहावं प्रकरण काढा, झाडाचं. जेमतेम चार-पाच पानांचं आहे. ते मोठ्याने वाचा, आणि वाचण्याआधी वहीत एक झाड काढून ती वही समोर भिंतीला टेकवून ठेवा. कसंही काढा, कोणी गुण देत नाही. मग त्या झाडाकडे बघून वाचा. हे झाड एका पोथीसाठी काढलेलं, पण पोथीतून गळून पडलेलं, त्यामुळे आपण कोणत्या गोष्टीतलं झाड हेच त्याला माहीत नाही. तक्रार करता करता ते म्हणतं की मला झाड व्हायचं नाही, मला झाडाचा अर्थ व्हायचंय. हे वाक्य डोळ्यांनी वाचलं तर तत्त्वज्ञान वाटतं. आपणच काढलेलं, जरा डावीकडे कललेलं झाड समोर असताना ऐकलं, की त्या बिचाऱ्याची दया येते. एवढं जमलं की मग पान एक.

कादंबरी 1591 च्या हिवाळ्यातली आहे. इस्तंबूलमध्ये बर्फ, सुलतान तिसरा मुराद गादीवर. सुलतानासाठी एक गुप्त पोथी तयार होते आहे, फिरंगी म्हणजे व्हेनिसच्या पद्धतीची चित्रं असलेली. त्या कामावरच्या एका सोनेरी नक्षीकाराचा खून होतो. संशय तिघा चित्रकारांवर : फुलपाखरू, ऑलिव्ह आणि करकोचा. ही त्यांची उस्तादाने ठेवलेली टोपणनावं. प्रकरणं एकोणसाठ आणि बोलणारे डझनभराहून जास्त. नावं पाठ करत बसू नका. वहीच्या मधल्या पानावर एक घर काढा, शेजारी कॉफीखाना, पलीकडे चित्रशाळा, विहीर, आणि प्रत्येक प्रकरणाचा आकडा, बोलणारा जिथे असेल त्या जागी टाकत जा. माझ्या वहीत शेकुरेच्या, म्हणजे नायिकेच्या, खिडकीपाशी इतके आकडे झाले की खिडकीच दिसेनाशी झाली. तेव्हा लक्षात आलं, ही बाई पुस्तकभर कुठून कुठून डोकावून बघत असते.

आता घोडा. इथे मात्र घाई करायची नाही.

प्रेताच्या अंगावर एक कागद सापडतो, त्यावर घोड्यांची चित्रं असतात. ती काढणारा हात खुन्याचा असावा. घोडा कोणी काढला हे ओळखलं की खुनी सापडला. पण हे चित्रकार सही करत नाहीत. सगळ्यांनी जुन्या उस्तादांसारखा एकच घोडा काढायचा, आपला हात दिसू द्यायचा नाही, हीच त्यांची शिस्त. वेगळेपण म्हणजे चूक. मग ओळखायचं कसं? नाकपुडीवरून. त्या घोड्याची नाकपुडी किंचित वेगळी आहे, आणि काढणाऱ्याला ते स्वतःलाही कळलेलं नाही.

हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले. कारण हे मी दरवर्षी केलेलं आहे. स्मरणचित्राचे चाळीस कागद गोळा करून घरी आणायचे. पोरं नाव घालायला विसरतात. आणि मी चहा पीत बसल्या बसल्या सांगायची, हा अमक्याचा, हा तमकीचा. एका मुलाचा माड कायम उजवीकडे वाकायचा. एकीच्या बायकांना मान नसायचीच, डोकं थेट खांद्यावर. एकदा ‘गावची जत्रा’ असा विषय होता, एकाने घोडा काढला आणि शेजारचा ओरडला, “बाई, ह्यो घोडो नाय, गाढव!” तो गाढवासारखा घोडा मी दहावीपर्यंत त्याच्या प्रत्येक चित्रात ओळखला. पामुकच्या पुस्तकात जो वाद पानोपानी चालतो, की शैली म्हणजे चित्रकाराची ओळख की त्याची खोड, तो माझ्या टेबलावर दर शनिवारी पडलेला असायचा, मला फक्त माहीत नव्हतं.

तर कृती अशी. घोड्याचा शोध सुरू होईल तिथे थांबा. डोळे मिटा आणि वहीत घोडा काढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभर रोज एक. आधीची पानं बघायची नाहीत. आठव्या दिवशी सातही शेजारी मांडा. तुमची नाकपुडी तुम्हाला सापडेल. माझ्या घोड्यांचे मागचे पाय दरवेळी गाईचे होते. डोळे मिटायचे ते उगाच नाही. या चित्रकारांची श्रद्धा अशी की आयुष्यभर एकच घोडा काढून हाताला तो इतका पाठ होतो की डोळ्यांची गरजच उरत नाही. आंधळेपण हे त्यांना अल्लाने दिलेलं बक्षीस वाटतं. हेरातचा महान चित्रकार बिहजाद, त्याने स्वतःचे डोळे सुईने फोडून घेतल्याची आख्यायिका आहे, आणि सुलतानाच्या खजिन्यात जुन्या पोथ्या चाळता चाळता चित्रशाळेचा म्हातारा प्रमुख उस्ताद उस्मान याला ती सुई सापडते. तिचं तो काय करतो हे मी सांगणार नाही. ते पान रात्री वाचू नका, इतकंच.

चित्र कसं बघायचं हेही थोडं शिकून घ्या, नाहीतर अर्धा वाद डोक्यावरून जातो. इराणी-तुर्की लघुचित्र घ्या, फोनवर मोठं करून चालेल. सावली शोधा, सापडणार नाही. रात्र असेल तर चंद्र किंवा मेणबत्ती दाखवलेली असते, पण दिसतं सगळं दिवसासारखं लख्ख. लांबचा माणूस लहान होत नाही. आपण शाळेत यथार्थदर्शन शिकवतो, दोन रूळ पुढे जाऊन एका बिंदूत मिळतात, ते इथे नाही. का नाही, यावरच या पुस्तकात माणसं मरतात. जुन्यांचं म्हणणं, आपण वरून बघतो, जिथून देव बघेल तिथून. फिरंगी पद्धत म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्याच्या उंचीवरून बघणं. मुलांना मी पंचवीस वर्षं रुळांचं चित्र काढायला लावलं, कुत्रा मनात कधी आला नाही. मुंबईला जाणं झालं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराच्या काळातल्या ‘अन्वार-इ-सुहैली’ या फारसी पोथीची पानं आहेत. हुमायूनने इराणातून मीर सय्यद अली आणि अब्दुस समद या उस्तादांना आणलं, त्यांच्या हाताखाली आपल्याकडची मुघल चित्रशैली घडली, म्हणजे कादंबरीतल्या लोकांचे हे चुलत भाऊच. काचेसमोर दहा मिनिटं उभं राहा. रांगेतले लोक कुरकुरतील, कुरकुरू द्या.

लाल रंगाचं प्रकरण एकतिसावं. त्यात रंग स्वतः सांगतो की मला कसं बनवलं. हिंदुस्थानच्या उष्ण मुलखातला वाळवलेला लाल किडा, त्याची पूड, मग उकळणं, गाळणं. मला आपली लाख आठवली. दोन आंधळे चित्रकार लाल कसा असतो यावर बोलतात आणि त्यातला एक म्हणतो, बोटाने स्पर्श केला तर तो लोखंड आणि तांबं यांच्या मधलं काहीतरी लागेल. मी एकदा वर्गात एका मुलाला डोळे बांधून तांब्याचा तांब्या आणि लोखंडी तवा हातात दिला आणि विचारलं, मधलं काय? तो म्हणाला, “तापलेला तवा.” मला वाटतं ओरहान पामुकला हे उत्तर आवडलं असतं.

प्रेमाची बाजू चेहऱ्याशी बांधलेली आहे, ती सुटू देऊ नका. नायक कारा, इंग्रजी पुस्तकातला ‘ब्लॅक’, बारा वर्षांनी शहरात परततो. परदेशात भटकताना शेकुरेचा चेहरा त्याच्या मनातून पुसत गेलेला. फिरंगी पद्धतीचं तिचं एखादं व्यक्तिचित्र सोबत असतं तर आपण इतके हरवलो नसतो, असं त्याला वाटतं. त्याच्या परंपरेत सगळ्या सुंदर बायका सारख्याच दिसतात, मग आठवायचं काय? आणि तरुणपणी याच माणसाने तिला प्रेम कळवलं ते चित्र काढून. झाडाला टांगलेलं खुस्रोचं चित्र पाहून शिरीन त्याच्या प्रेमात पडते, ती जुनी कथा. त्या दोघांच्या जागी त्याने स्वतःला आणि शेकुरेला बसवलं. इथे एक छोटा प्रयोग करा : रोज भेटणाऱ्या एखाद्या माणसाचा चेहरा, तो समोर नसताना काढा. मी यजमानांचा काढला. बत्तीस वर्षांचा संसार, आणि भुवया कशा आहेत ते आठवेना. त्यांना दाखवला तर म्हणाले, हा पोस्टमन कोण?

‘रेड’ झाली की थोडे दिवस जाऊ द्या. मग ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’. तुर्कीत 2008 साली आली. श्रीमंत घरातला केमाल, लग्न ठरलेला, तो लांबच्या नात्यातल्या फ्युसुनच्या प्रेमात पडतो. ती हातची जाते, आणि मग हा माणूस वर्षानुवर्षं तिच्या घरी जेवायला जाऊन तिथल्या वस्तू चोरत राहतो. मीठदाणी, चिनीमातीची कुत्री, केसांच्या क्लिपा, सिगारेटची थोटकं. शेवटी तो या वस्तूंचं संग्रहालय करायचं ठरवतो. आणि पामुकने ते खरंच केलं. कादंबरी लिहिण्याच्या कितीतरी आधी त्याने इस्तंबूलच्या चुकुरजुमा भागात 1897 सालचं एक जुनं घर घेतलं, वस्तू जमवत गेला आणि त्यांच्याकडे बघत पुस्तक लिहिलं. 2012 च्या एप्रिलमध्ये संग्रहालय उघडलं, 2014 मध्ये युरोपातलं त्या वर्षीचं उत्तम संग्रहालय म्हणून त्याला पारितोषिक मिळालं. कादंबरीची प्रकरणं त्र्याऐंशी, वस्तू मांडलेल्या लाकडी पेट्याही त्र्याऐंशी. खाली दारातच भिंतभर 4213 थोटकं टाचून ठेवली आहेत, प्रत्येकाखाली हाताने लिहिलेली नोंद. मी गेलेले नाही. फोटोतच बघितलंय.

स्पष्टच सांगते, केमाल मला सोसत नाही. फ्युसुनला काय वाटतं हे त्याला कानातलं हातात धरून कळत नाही, आणि कानातलं मात्र तो जपून ठेवतो. मधली दोनशे पानं जेवणं, टीव्ही, पुन्हा जेवणं. तिथे पुष्कळ लोक पुस्तक सोडतात. सोडायचं नसेल तर गोष्ट वाचूच नका, वस्तू वाचा. प्रत्येक प्रकरणातून एकच वस्तू निवडा आणि वहीत वस्तुचित्र काढा. एलिमेंटरीला काढतो तसं, समोर ठेवून, छायाप्रकाशासह. मीठदाणी घरात असतेच. काढता काढता कळतं की तो माणूस आठ वर्षं त्या टेबलाशी बसून काय करत होता. तोही बघतच होता. फ्युसुन सोडून बाकी सगळं, असं माझं मत. वाद घाला हवं तर.

पुण्यात असाल तर राजा केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. अडकित्ते, दिवे, वज्री, कुंकवाचे करंडे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी विद्यार्थ्यांना घेऊन अडकित्त्यांचे आकार टिपले आणि बसमध्ये येऊन बसले. पामुक वाचल्यावर पुन्हा गेले तेव्हा आधी दारावरचं नाव वाचलं.

‘द नाइव्ह अँड द सेंटिमेंटल नॉव्हेलिस्ट’ ही त्याची हार्वर्डमधली 2009 ची व्याख्यानं. त्यात तो म्हणतो की काही लेखक आपल्या शब्दांच्या कल्पनेला हात घालतात आणि काही चित्रांच्या. पहिल्यांदा हे वाचू नका. सिनेमा बघण्याआधी कॅमेऱ्याचं मॅन्युअल वाचल्यासारखं होईल. संग्रहालयाचा कॅटलॉगही आधी विकत घेऊ नका. माझी चूक तीच झाली. महागडा होता, आणि पेट्या आधी बघितल्यामुळे माझ्या मनातली फ्युसुनची चप्पल कायमची पुसली गेली. ‘मेमरीज ऑफ डिस्टंट माउंटन्स’ मात्र कधीही घ्या. 2009 पासूनच्या त्याच्या वह्यांची रंगीत पानं, जहाजं, डोंगर, समुद्र, आणि अक्षरं सरळ चित्रावरच. तारखांचा क्रम नाही. उशाशी ठेवायचं आणि कुठलंही पान उघडायचं.

सगळ्यात शेवटी पेटी. कादंबरी वाचून झाल्यावर एका प्रकरणाची पेटी स्वतः करा. बुटांचं खोकं घ्या, झाकण काढा, उभं ठेवा. आतून जुन्या वर्तमानपत्राचा किंवा उरलेल्या वॉलपेपरचा कागद लावा. वस्तू प्रकरणातल्याच हव्यात असं नाही, पण घरातल्याच हव्यात, विकत आणलेली एकही चालणार नाही. मी केलेल्या पेटीत सासूबाईंचा तुटका चष्मा, एसटीचं पिवळं तिकीट, खडूचे अकरा तुकडे आणि माडाचं ते उजवीकडे वाकणारं चित्र आहे. ते मुलाने परत नेलंच नाही. वस्तू जास्त झाल्या की पेटीची अडगळ होते. सात-आठच्या पुढे जाऊ नका. मोठी मागे, लहान पुढे असा हिशेब नको. लघुचित्रासारखं सगळं सारख्याच नजरेत येऊ द्या. दिवा खालून लावला तर सावल्या पडतात, वरून लावा. आणि फेविकॉल लावायचा नाही. टाचण्या आणि दोरा वापरा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी बघाल तेव्हा चष्मा दोन बोटं डावीकडे सरकवावासा वाटतोच.